घारापुरीची स्तूप-टेकडी आणि तिचे पाणी: प्रकल्पाच्या नोंदी

५ नोव्हेंबर २०२३, नेरूळ

आज विहाराच्या ग्रंथालयात पहिली बैठक झाली. पुढच्या बुद्धपौर्णिमेला, म्हणजे २३ मे २०२४ रोजी, सभागृहात छोटे प्रदर्शन भरवायचे आणि त्यात घारापुरीच्या पूर्वेकडच्या टेकडीचा उंचसखल नमुना व चार मराठी फलक मांडायचे, असे ठरले. आमच्या पाच जणांत एक निवृत्त स्थापत्य आरेखक, भूगोल शिकवणाऱ्या एक बाई, वास्तुकलेच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी दोन मुले आणि मी आहोत. नोंदवही ठेवण्याचे काम माझ्याकडे आले.

घारापुरी म्हटले की पहिल्या क्रमांकाचे लेणे आणि त्यातील त्रिमुखी शिवमूर्ती डोळ्यांसमोर येते, आणि ते योग्यच आहे. १९८७ साली ही लेणी जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून तर येणाऱ्यांची सारी पावले तिकडेच वळतात. मात्र बेटावर दोन टेकड्या आहेत. पश्चिमेकडच्या टेकडीच्या अंगाला शैव लेणी आणि वर जुन्या तोफा आहेत. मधली घळ ओलांडली की पूर्वेकडची टेकडी लागते. तिच्यावर सहाव्या आणि सातव्या क्रमांकाची लेणी, पाण्याची टाकी आणि माथ्यावर विटांच्या स्तूपाचा ढासळलेला उंचवटा आहे. नवी मुंबईच्या बाजूने पाहिले तर बेटाचे हेच अंग आपल्याला जवळचे आहे. इतक्या वर्षांत आपण ते नीट पाहिले नाही, ही खंत आज प्रत्येकाने आपापल्या शब्दांत बोलून दाखवली.

१९ नोव्हेंबर २०२३, घारापुरी

न्हाव्याहून गावकऱ्यांच्या होडीने सकाळीच निघालो. ओहोटी लागायच्या आत पोहोचायचे म्हणून नाखवादादांनी आम्हाला साडेसहाला बोलावले होते. बेटावर चहा घेताना टपरीवरच्या आजींनी कुठे निघालात म्हणून विचारले. स्तूप पाहायला, असे सांगताच त्या म्हणाल्या, “वरती निसता इटांचा ढीग हाय. पन पानी बघाचा असंल त खाली तलावाकरं जा.” त्या वेळी आम्ही हे वाक्य हसून ऐकले आणि चढायला लागलो, संध्याकाळी परतताना मात्र तेच वाक्य वहीत सर्वांत वर लिहून ठेवले.

सहाव्या लेण्याला स्थानिक लोक सीताबाईचे देऊळ म्हणतात. पुढे खांबांचा ओटा आणि मागे तीन दालने, अशी त्याची साधी रचना आहे. पोर्तुगीजांच्या काळात त्याचा चर्च म्हणूनही वापर झाला. सातवे लेणे थोडे पुढे आहे आणि ते अर्धवट सोडलेले आहे, कारण खोदताना खडकात दोष निघाला. भूगोलाच्या बाई तिथे बराच वेळ थांबल्या आणि खडकातली भेग कुठून कुठे जाते ते बोट फिरवून मुलांना दाखवत राहिल्या. त्याच्याही पुढे कोरडा पडत चाललेला तलाव आहे, त्यात मोठमोठे धोंडे आहेत आणि काठाने खडकात खोदलेली बौद्धकालीन टाकी आहेत.

माथ्यावरचा उंचवटा गवताने आणि करवंदाच्या जाळ्यांनी झाकलेला होता. वाट कुठे संपली आणि स्तूप कुठे सुरू झाला हे पायांनाच आधी कळले, कारण मातीचा मऊपणा जाऊन खाली तुकडे हलू लागले. मुलांपैकी एकाने विटेचा एक तुकडा उचलला. तुटलेल्या तोंडावर तांदळाच्या दाण्याएवढ्या, दोन्ही टोकांना निमुळत्या होत गेलेल्या बारीक पोकळ्या होत्या. विटेच्या मातीत मिसळलेले भाताचे तूस भट्टीत जळून गेले आणि त्याची जागा तेवढी राहिली. त्या पोकळीत नखाचे टोक जेमतेम शिरत होते. बाईंनी त्याला तुकडा जसा होता तसा, त्याच कुशीवर, त्याच खळग्यात परत ठेवायला लावला. हे संरक्षित स्मारक आहे आणि इथला खडासुद्धा हलवायचा नाही, हे होडीतच बजावले होते. तरी त्या मुलाचा मी रागराग केला नाही. हातात घेतल्याशिवाय त्याला ते तूस दिसले नसते.

वरून पूर्वेला न्हावा-शेवा बंदराच्या निळ्या-तांबड्या क्रेन दिसतात, उत्तरेला तुर्भे, पश्चिमेला मुंबईचे बंदर. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांना याच बेटाच्या किनाऱ्यावर रोमन बनावटीच्या कुंभांची, म्हणजे अँफोरांची खापरे मिळालेली आहेत. मद्य किंवा तेल भरून आलेली ती भांडी ज्या गलबतांतून उतरली, त्यांच्या तांडेलांना खाडीत शिरताना माथ्यावरचा स्तूप लांबूनच दिसला असणार.

३ डिसेंबर २०२३, नालासोपारा

विटांचा स्तूप आतून कसा असतो हे समजून घ्यायचे तर आपल्या भागात सोपाऱ्याला पर्याय नाही. ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन २०१४ साली पालघर वेगळा झाला. तोवर हा स्तूप आमच्याच जिल्ह्यात होता. लोकांत ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा हा उंचवटा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकलला. स्तूपाच्या गाभ्यात विटांची कोठडी होती, तीत दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडक आणि त्याच्या आत एकात एक बसवलेले चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे आणि सोन्याचे करंडक. सोन्याच्या करंडकात सुवर्णफुले आणि बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेलेले मातीचे तेरा लहान तुकडे होते. सोबत सातवाहन राजा गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे निघाले, आणि तांब्याच्या करंडकाभोवती आठ बुद्धमूर्ती बसवलेल्या होत्या. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

मला यात सर्वांत मोलाची वाटते ती मातीची जागा. पाच आवरणे तांब्यापासून सोन्यापर्यंत जातात आणि सगळ्यांत आत, सोन्याच्याही आत, फुटक्या मातीच्या भांड्याचे तुकडे ठेवलेले असतात. ज्यांनी हे रचले त्यांना कशाचे मोल काय हे नक्की ठाऊक होते. दुसऱ्या फलकावर करंडकांचा हा क्रम आडव्या छेदाच्या चित्रातून दाखवायचा, असे परतीच्या लोकलमध्येच ठरले.

१७ डिसेंबर २०२३, कान्हेरी

ठाण्याच्या मंडळींना माहीत असलेले येऊर ज्या डोंगरावर आहे त्याच डोंगराच्या पश्चिमेकडच्या अंगाला कान्हेरी आहे. शंभराहून अधिक लेणी, आणि जवळजवळ प्रत्येक लेण्याला स्वतःचे टाके. शिलालेखांत या टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. पिण्याच्या पाण्याचे टाके म्हणजे ‘पानीयपोढी’. एका लेखात कल्याणच्या सामिदत नावाच्या सोनाराने पानीयपोढी दान दिल्याचे कोरलेले आहे. दागिने घडवणाऱ्या माणसाने दान म्हणून पाणी निवडले, हे वाचून आमच्यातल्या कल्याणच्या मुलीला झालेला आनंद आम्हा सर्वांनाच झाला.

आरेखककाकांनी इथे एक गोष्ट फार बारकाईने दाखवली. लेण्याच्या कपाळावर खडकात बोटभर ते चार बोटे रुंदीच्या पन्हळी कोरलेल्या आहेत. दारावर कोसळणारे पाणी त्या बाजूला वळवतात आणि टाक्याकडे नेतात. टाक्याचे तोंड लहान ठेवलेले असते आणि पोट आत खडकाखाली मोठे होत जाते. तोंड लहान असले की ऊन कमी लागते, वाफ कमी होते आणि पाचोळाही कमी पडतो.

७ जानेवारी २०२४, नेरूळ

आज फक्त आकडेमोड केली. कोकण किनाऱ्यावर चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दोन मीटर खोल असे एक टाके धरले, तर त्यात १२,००० लिटर पाणी मावते. कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत कोरडे दिवस साधारण २४०. माणशी रोज पाच लिटर, म्हणजे पिणे आणि हात-तोंड धुणे, एवढाच खर्च धरला तर एका भिक्खूला १,२०० लिटर लागतात आणि एक टाके दहा जणांना पुरते.

ते भरायला किती खडक लागतो, हे पाहिल्यावर सगळेच गप्प झाले. दोन मीटर पाऊस धरला तर सहा चौरस मीटर उघडा खडक पुरतो. निम्मे पाणी वाया जाते असे मानले तरी बारा चौरस मीटर, म्हणजे आमच्या घरातील एका बऱ्यापैकी खोलीएवढा! तेव्हा समुद्रात उभ्या असलेल्या या टेकडीवर पाणी मिळवणे हे अवघड काम नव्हते. ते आठ महिने राखणे अवघड होते. सलग, घट्ट बेसाल्ट कुठे आहे आणि भेगाळलेला कुठे आहे, हे ओळखणाऱ्या पाथरवटाच्या नजरेवर वस्ती टिकणार की नाही हे ठरत होते. सातव्या लेण्यातली जी भेग आम्ही पाहिली ती दालनाला कुरूप करते, पण तशीच भेग टाक्यात निघाली असती तर माघातच तळ दिसला असता.

पाऊस आणि विनय, म्हणजे भिक्खूंचे आचारनियम, यांचाही मेळ इथे बसतो. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात भिक्खूंनी एका जागी राहायचे असते. नेमक्या त्याच काळात टाकी भरतात, आणि पुढे चारिका, म्हणजे गावोगावची भ्रमंती, सुरू झाली की माणसे कमी होतात व साठा पुरतो. हा विचार तिसऱ्या फलकाचा मुख्य मजकूर व्हावा, असे मी सुचवले आणि ते मान्य झाले.

२१ जानेवारी २०२४, घारापुरी

दुसरी फेरी. १२ जानेवारीला उद्घाटन झालेला अटल सेतू माथ्यावरून उत्तरेला सबंध दिसतो. टाक्यांची आणि तलावाची जागा नकाशावर पक्की केली, छायाचित्रे घेतली. विशेष काही घडले नाही.

१८ फेब्रुवारी २०२४, नेरूळ

नमुन्याचे काम सुरू झाले. १:२००० हे प्रमाण घेतले आहे, म्हणजे दहा मीटर उंचीला पाच मिलिमीटर जाडीचा एक थर. टेकडीची उंची दीडशे मीटरच्या आसपास असल्याने एकावर एक पंधरा थर बसतात आणि सगळी टेकडी अवघी साडेसात सेंटिमीटर होते. पाहणाऱ्याला ती चपटी वाटेल, म्हणून उंची दुप्पट करावी असे मुलांचे म्हणणे होते. काकांनी ठाम नकार दिला. उतार खोटा केला तर पाण्याची वाट खोटी होईल आणि आपला सारा विषयच पाण्याचा आहे, हे त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटले.

१० मार्च २०२४, नेरूळ

थर चिकटवून वाळल्यावर कुंड्यांवर फवारायच्या बाटलीत निळीचे पाणी भरून माथ्यावर पाऊस पाडला. पाणी कुठेच वाहिले नाही. प्रत्येक थराची कड पायरीसारखी राहिलेली असल्याने ते पायरीपायरीवर अडून बसले, खालच्या दोन थरांत मुरले आणि तासाभरात पुठ्ठा फुगून सहाव्या लेण्याची बाजू उचलली गेली. तीन आठवड्यांची मेहनत होती, त्यामुळे मुलांचे चेहरे उतरले. चूक माझी होती. पायऱ्या भरून घेण्याआधीच पाणी घालून पाहण्याची घाई मी केली होती.

उपाय काकांनी सांगितला. खालचे चार थर नव्याने कापायचे, पायऱ्यांच्या कोपऱ्यात कागदाचा लगदा डिंकात कालवून भरायचा, ओल्या बोटाने उतार गुळगुळीत करायचा आणि वाळल्यावर वॉर्निशचे दोन हात द्यायचे. लगदा फार पातळ केला तर वाळताना आक्रसतो आणि भेगा पडतात. कणकेपेक्षा थोडा सैल असावा लागतो.

३१ मार्च २०२४, नेरूळ

दुरुस्त नमुन्यावर पाणी वाहिले. काही धारा थेट समुद्राकडे उतरल्या आणि काही सातव्या लेण्यापलीकडच्या खळग्यात जमल्या, जिथे तलाव आहे. तो खळगा आम्हीच नकाशावरून कोरलेला असल्याने याला पुरावा म्हणता येणार नाही, हे मी मुलांना स्पष्ट सांगितले. तरी पाहणाऱ्याला टेकडी कशी वाचावी हे यातून कळते. टपरीवरच्या आजींचे वाक्य तिसऱ्या फलकाच्या वरच्या ओळीत घ्यायचे, यावर आज सगळ्यांचे एकमत झाले.

१४ एप्रिल २०२४, नेरूळ

बाबासाहेबांच्या जयंतीची गडबड आटोपल्यावर रात्री मजकूर वाचायला बसलो. विहाराच्या समितीतील एका ज्येष्ठ काकांची इच्छा होती की घारापुरीचा स्तूप सम्राट अशोकाने बांधला, असे पहिल्या फलकावर ठळक लिहावे. त्यांची भावना मला कळते, कारण ती माझ्याही घरातली आहे. तरीही मी नको म्हणालो, आणि त्याचे कारण त्यांच्यापुढे सविस्तर मांडले. अशोकाचे नाव आपल्या किनाऱ्यावर दगडात कोरलेले आहे ते सोपाऱ्याला. त्याच्या चौदा शिलालेखांपैकी आठव्याचा तुकडा तिथे १८८२ साली मिळाला आणि नवव्याचा १९५६ साली जवळच्या भुईगावात. हा दुसरा आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहता येतो. ज्या वर्षी नागपूरला धम्मदीक्षा झाली त्याच वर्षी अशोकाचा एक लेख आपल्या भागात मातीतून वर आला, हे मी सांगितले तेव्हा काका काही क्षण काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे लिहा. हे पुरेसे आहे.” अशोकाचा उल्लेख सोपाऱ्याच्या फलकावर, शिलालेखांसह, गेला. आपल्या वारशाचे प्रेम असलेल्या माणसाने त्याविषयी एकही वाक्य असे लिहू नये जे दुसरा कुणी सहज खोडू शकेल, असे माझे पक्के मत आहे.

२८ एप्रिल २०२४, नेरूळ

चौथा फलक आंध्र प्रदेशातील तोटलकोंडा आणि बाविकोंडा या दोन स्थळांना दिला. विशाखापट्टणमहून भीमुनिपट्टणमला जाणाऱ्या किनारी रस्त्यालगत, समुद्राकडे तोंड करून असलेल्या टेकड्यांवर हे विहार होते. बाविकोंड्याचे उत्खनन १९८२ ते १९८७ या काळात झाले. तोटलकोंडा नौदलाच्या तळासाठी झालेल्या हवाई पाहणीत नजरेस आला आणि १९८८ ते १९९३ मध्ये त्याचे उत्खनन झाले. समुद्रसपाटीपासून १२८ मीटर उंचीवरच्या त्या माथ्यावर महास्तूप, चैत्यगृहे, भिक्खूंच्या खोल्यांच्या रांगा, भोजनशाळा आणि खडकात खोदलेली टाकी उघडी झाली. रोमन आणि सातवाहन नाणीही मिळाली. ऑक्टोबर २०१९ मधील मुसळधार पावसात तिथल्या महास्तूपाचा काही भाग ढासळला. जे पाणी शेकडो वर्षे त्या वस्तीला पुरले तेच निचरा तुंबला की विटा-दगडांच्या पोटात शिरून रचना फोडते, हे लोकांना समजावे म्हणून ती घटना फलकावर मुद्दाम घेतली आहे.

मला विशेष बोलकी वाटली ती नावे. तेलुगूत तोटलकोंडा म्हणजे दगडी टाक्यांची टेकडी आणि बाविकोंडा म्हणजे विहिरींची टेकडी. विहार ओस पडले, भिक्खू गेले, स्तूप मातीखाली गेले. गावकऱ्यांना आठवण राहिली ती पाण्याची, आणि टेकडीचे नाव तेच झाले.

१२ मे २०२४, नेरूळ

छापून आलेल्या फलकांत जोडाक्षरे फुटली होती. ‘स्तूप’ हा शब्द सतरा ठिकाणी ‘स् तूप’ असा आणि ‘भिक्खू’ मध्ये क आणि ख यांच्यात फट. छपाईवाल्याने फाईल दुसऱ्या फॉन्टमध्ये बदलून घेतली होती आणि तसे आधी सांगितले नव्हते. चारही फलक परत केले. मजकूर आता चित्ररूपात देऊन पुन्हा छापून घेत आहोत.

२३ मे २०२४, नेरूळ

सकाळी वंदनेनंतर प्रदर्शन खुले झाले. दिवसभर नमुन्याभोवती मुलांची गर्दी होती. प्रत्येकाला फवाऱ्याची बाटली स्वतःच्या हातात हवी होती. दुपारी नाखवादादा घरच्यांना घेऊन आले. त्यांनी नमुना बराच वेळ वाकून पाहिला, आणि मग घळीच्या तोंडाशी बोट ठेवून म्हणाले, “सर, इथं पावसाळ्यात ओहळ वाहतो, तो तुमच्यात नाही.” आरेखककाकांनी तिथल्या तिथे पेन्सिलीने खूण केली.

९ जून २०२४, नेरूळ

मुंबईत मोसमी पाऊस दाखल झाल्याचे आज हवामान विभागाने जाहीर केले. नमुन्यातला ओहळ काल कोरून वॉर्निश केला. तलावात पाणी कसे चढत जाते याची नोंद व्हावी म्हणून नाखवादादांच्या मुलीने दर रविवारी एकाच धोंड्यावर उभे राहून छायाचित्र काढायचे कबूल केले आहे. संध्याकाळी तिने पहिले छायाचित्र पाठवले. तळाची माती काळी झाली आहे, धोंड्यांच्या बुडाशी ओंजळभर पाणी साचले आहे आणि काठावरच्या एका टाक्याच्या तोंडातून आकाशाचा चौकोनी तुकडा दिसतो आहे.